बिनगळाची दोरी

आण्णा खडकाआड दिसेनासे झाले तसं सूरजनं त्यांची काठी उचलली, भराभरा रीळ फिरवून दोरी गुंडाळली आणि पाण्याबाहेर आलेलं टोक हातात धरून डोळ्यांजवळ नेलं. टोकाला शिसाचा एक गोळा होता. गळ नव्हता.

त्यानं गोळा फिरवून सगळ्या बाजूंनी बघितला. गळ तुटला असेल म्हणावं, तर दोरीला नीट गाठ मारलेली होती आणि उरलेलं शेपूट कात्रीनं कापलेलं होतं. तुटलेली वस्तू इतकी व्यवस्थित नसते. म्हणजे गेले तीन तास आण्णा समुद्रात नुसता शिसाचा गोळा सोडून बसले होते, आणि अधूनमधून काठीला हलकासा झटका देत होते, शेजारच्याला वाटावं की मासा चाखून गेला.

सूरजनं गोळा परत पाण्यात फेकला, काठी होती तशी दोन दगडांच्या बेचक्यात रोवली आणि आपल्या जागेवर येऊन बसला. दरवर्षी फाल्गुनात त्याचे वडील, आण्णा, दोन दिवस समुद्रावर जाऊन नेमकं काय करतात, हे शोधून काढायला आईनं त्याला धाडलं होतं. आता निम्मं उत्तर मिळालं होतं. आण्णा मासे धरत नव्हते. अडचण एवढीच होती की आईचा संशयही तोच होता.

आळे गावाच्या बाहेर, कालव्याच्या चारीच्या अगदी टोकाला त्यांचा मळा. चारी सतरा जणांच्या शेतांतून वळणं घेत येते आणि आण्णांच्या, म्हणजे चांगदेवांच्या बांधाला येऊन संपते. सतराही जणांचं भागलं, कुणी रात्री चोरून मोटर टाकली नाही, कुणाच्या उंदरानं बीळ पाडलं नाही आणि वरून गेट वेळेआधी बंद झालं नाही, तर पाणी चांगदेवांपर्यंत यायचं. चांगदेव आणि सारजाबाईंचं तीस वर्षांचं लग्न बहुतेक चारीच्या कडेला, फावड्यावर हनुवटी टेकून, पाण्याच्या नंबराची वाट बघण्यात गेलं होतं.

असा माणूस आठ वर्षांपूर्वी अचानक मासे धरायला जायला लागला. त्यात तो माळकरी. घरात कधी अंड्याचं टरफल आलं नव्हतं. ओतूरला हनीफचाचांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, तेच त्यांना व्हॅनमधून न्यायचे. मुरूडच्या अलीकडं एका गावात हनीफचाचांचा साडू राहायचा. दोघं तिथं मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी चांगदेव रिकाम्या हातानं, खारट वासाचे आणि विनाकारण खूश असे घरी यायचे. पुढचा आठवडाभर चारीवर कुणाशी भांडायचे नाहीत. सगळ्यात जास्त संशय गावाला याचाच होता.

गावातले गेणभाऊ न्हाव्याच्या दुकानात बसून याच्यावर रोज थोडं थोडं बोलायचे. पण घाव घातला शेजारच्या भागूनं. ती सारजाबाईंना सहज म्हणाली होती की, माणूस मासं धराया जातो आन मासा आणत न्हाई, मंग धरतो तरी काय? त्या दिवसापासून सारजाबाईंच्या भाकरीला पापुद्रा येईना. धुळवडीच्या दिवशी त्यांनी सूरजला मागच्या दारी घेतलं. सूरज लोकांच्या कांद्याच्या चाळींवर क्यामेरे बसवायची कामं करायचा.

"दुसऱ्याच्या कांद्यावर नजर ठेवतोस," त्या म्हणाल्या, "एकदा बापावर ठेव. दुसरी बाई असंल तर तसं सांग. मी लोणीला बाळासाहेबाकडं जाईन, आन परत येनार न्हाई."

बाळासाहेब म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. सारजाबाई रागात कधी बोलत नसत. बोलायच्या त्या ठरवूनच.

तेव्हा सूरजनं बापाला सांगितलं की समुद्र बघायचा राहिलाय, येतो मी पण. चांगदेवांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि चल म्हणाले. रमजान चालू होता. हनीफचाचा सहेरी उरकून पहाटेच व्हॅन घेऊन आले, आणि दुपारी दीडला तिघं खडकावर पोचले. मासे धरायला निघालेल्या या तिघांपैकी एक माळकरी होता, एक रोजेदार होता आणि तिसऱ्याला माशाच्या वासानं मळमळायचं. समुद्राला त्यांच्यापासून तसा काही धोका नव्हता.

सूरजनं तपासाला तिथूनच सुरुवात केली होती. संशयित म्हणून तीन बाया सापडल्या. एक शहाळेवाली, वय पंच्याहत्तरच्या पुढं. दुसरी वाळूवर सुकट वाळत घालणारी. तिनं तिघांनाही सुकटीवरून चालल्याबद्दल सारख्याच मापानं शिव्या दिल्या, म्हणजे ओळख नसावी. तिसरी हनीफचाचांची मेहुणी, अमिरुन्निसा. ती चांगदेवांना भाईजान म्हणायची, आणि हा माणूस आठ वर्षांत माझ्या घरी पिठल्याशिवाय काही खात नाही, अशी तिची तक्रार होती. सूरजनं तिघींनाही मनातल्या मनात सोडून दिलं. आणि आता हा बिनगळाचा गोळा.

तो उठून पलीकडच्या खडकावर हनीफचाचांकडं गेला. त्यांच्या काठीला गळ होता, गळाला कोळंबी होती.

"चाचा, आण्णांच्या दोरीला गळ नाय."

"व्हय," हनीफचाचा म्हणाले. दुकानाला पाटी नाही म्हटल्यावरही ते असंच म्हणाले असते.

"तुटला का?"

"लावलाच न्हाई कधी. माळकरी माणूस, जीव कशाला घेईल?"

मग ते काठी का धरतात, असं सूरजनं विचारलं. हनीफचाचांनी खडकाआड बघितलं. चांगदेव अजून आले नव्हते. ते तिकडं शेंगदाणे खायला जातात, हनीफचाचांनी सांगितलं. रोजेदारासमोर खायचं बरं दिसत नाही म्हणून लपून खातात, आणि आपण ते बघितलं नाही असं दाखवणं हे आपलं काम. मग त्यांनी पहिल्या वर्षीची गोष्ट सांगितली.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी चांगदेवांना नुसतं सोबतीला आणलं होतं. या माणसानं तोवर समुद्र बघितला नव्हता. दुपारी पाणी मागं सरायला लागलं तसे चांगदेव उभे राहिले. उघडे पडलेले खडक बघितले, चिखल बघितला, आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. वरच्यांनी गेट टाकलं म्हणाले. चला, आता तीन आठवडं काय येत नाय. हनीफचाचांनी चंद्रापासून सुरुवात करून सगळं समजावलं. चांगदेवांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की ते खरं, पण गेटवर माणूस कोण आहे? भरती-ओहोटी आपण शाळेत शिकलो होतो हे त्यांना ठाऊक होतं. पण शाळेत शिकलेलं पाणी आणि आपल्या डोळ्यांदेखत गेलेलं पाणी यांत फरक असतो, आणि गेलेल्या पाण्याचा अनुभव त्यांना मास्तरांपेक्षा जास्त होता.

सहा तासांनी पाणी परत आलं. कुणी अर्ज केला नव्हता, मोर्चा नेला नव्हता. चांगदेव किनाऱ्यानं पळत सुटले. वाळूत चटई टाकून बसलेल्या लोकांना, उठा, पाणी सुटलंय, सामान उचला, असं ओरडत शेवटापर्यंत गेले. चारीला पाणी सुटलं की खालच्यांना असंच सांगत जायचं असतं.

"दुसऱ्या वर्षी त्यो सोताहून म्हनला, जाऊ या," हनीफचाचा म्हणाले. "दिसभर नुसता बसला पाण्याकडं बघत. लोकांना वाटलं, जीव द्यायला आलाय. तीन जण समजवायला आले. शहाळेवालीनं फुकट शहाळं दिलं आन सोताची दुखणी सांगितली. म्हनून मी काठी दिली. हातात काठी असली की मानसाला कुनी काय इचारत न्हाई."

तेवढ्यात चांगदेव मिशीवरची टरफलं झटकत आले, आणि हनीफचाचा एकदम पाण्याकडं बघायला लागले.

संध्याकाळी पाणी फार लांब गेलं. होळीची पौर्णिमा नुकतीच झालेली, त्यामुळं जाणंही मोठं होतं. चांगदेवांनी काठी वर घेतली तर शिसाच्या गोळ्याला एक चिंबोरी नांग्यांनी लटकलेली होती. हनीफचाचांच्या गळाला दिवसभरात काही लागलं नव्हतं. चिंबोरी काही केल्या गोळा सोडेना. चांगदेव तिच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होते, बहुधा माफी मागत असावेत. शेवटी त्यांनी तिला गोळ्यासकट एका डबक्यात बुडवून धरलं आणि तिचं मन बदलेपर्यंत वाकून उभे राहिले. सूरजचा फोन वाजला तो तेव्हा.

"बाई हाये का?" सारजाबाईंनी विचारलं.

"नाय."

"मंग काय हाये?"

सूरजनं बापाकडं बघितलं. चांगदेव डबक्यात हात घालून वाट बघत होते. क्यामेऱ्याच्या कामात सोपं असतं, जे दिसतं ते दाखवायचं. इथं जे दिसत होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

"घरी येऊन सांगतो," तो म्हणाला.

पलीकडं चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

"एवढं वंगाळ हाये," सारजाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सूर्य बुडाल्यावर हनीफचाचांनी खजूर तोंडात टाकला. चांगदेवांनी त्यांच्याबरोबर तांब्या उचलून असं पाणी प्यायलं, जसं काही दिवसभर त्यांच्याही घशाला कोरड होती. सूरज दोघांच्या मधे बसला होता आणि त्याला सारखं वाटत होतं की आपण सोडून इथं सगळ्यांना काहीतरी कळलेलं आहे, बहुतेक चिंबोरीलासुद्धा.

सकाळी साडेआठला तो किनाऱ्यावर आला तेव्हा चांगदेव आधीच येऊन बसले होते. काठी शेजारी रोवलेली. पाणी लांब होतं. त्याच्या कडेला त्यांनी मुठीएवढा एक दगड ठेवला होता आणि त्याच्याकडं बघत होते. पाणी दगडाला लागलं. ते उठले, दगड चार पावलं मागं आणून ठेवला, परत बसले. पाणी परत दगडाला लागलं. सूरजनं मोबाईल काढून थोडं चित्रण केलं, पुरावा म्हणून. कशाचा पुरावा, हे नंतर ठरवता येईल.

"तुझ्या आईनं धाडलाय तुला," चांगदेव मागं न बघता म्हणाले.

सूरजनं नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण तो बापासारखाच होता. खोटं बोलताना कानाची पाळी ओढायचा. मग त्यानं सगळं सांगितलं. भागू, गेणभाऊ, लोणी, बाळासाहेब.

"बाई?" चांगदेव म्हणाले. "मला?"

त्यांचा चेहरा क्षणभर उगीचच उजळला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग बाळासाहेबाचं नाव त्यांच्यापर्यंत पोचलं असावं, कारण हात मिशीवरच थांबला.

"परत येनार न्हाई म्हनली?"

"म्हनली."

पाणी दगडाला लागून पुढं गेलं. चांगदेवांनी दगड हलवला नाही. एवढ्या वर्षांत तिला सांगितलं का नाही, असं सूरजनं विचारलं. पाणी बघायला जातो म्हणायचं, त्यात काय एवढं. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या मते एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणसाला गळ नसलेली काठी घ्यावी लागते, हाच सगळा घोटाळा होता.

चांगदेवांनी पाण्याकडं बोट केलं.

"हितं पाणी येतं त्ये माझ्या नंबराचं नसतं," ते म्हणाले. "कुनाच्याच नंबराचं नसतं. मला न्हाई आलं असं व्हतच न्हाई. बसलं की येतं." त्यांनी ओल्या वाळूत बोटानं एक रेघ मारली, पाण्यानं ती पुसली. "आन ती बया तीस वर्सं माझ्यासंगं चारीवर उभी हाये. पोटात तू व्हतास तवा बी उभी व्हती. तिला घरी ठेवून मी एकट्यानं बघतो, ह्ये कोंच्या तोंडानं सांगू?"

न्यायचं मग तिलाही, सूरज म्हणाला.

"पयल्या वर्षीच सांगाया पायजे व्हतं. एक वर्स राहिलं की पुढच्या वर्षी दोन वर्साचं सांगावं लागतं."

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये घरी काय सांगायचं यावर चर्चा झाली. हनीफचाचांचं म्हणणं पडलं की मासे धरतो आणि सोडून देतो असं सांगावं, शहरातले लोक तसं करतात. चांगदेवांनी ते मोडीत काढलं, कारण ते खोटं होतं. सूरजनं खरं सांगून बघायचं सुचवलं. त्यावर दोघं इतका वेळ गप्प बसले की खोपोली येऊन गेली. खरं इतकं बिनबुडाचं होतं की त्यापेक्षा दुसरी बाई पटली असती. बाई म्हटली की लोकांना निदान कळतं, कुठल्या तोंडानं रागवायचं ते. नारायणगावाच्या अलीकडं एका टपरीवर रोजा सोडला. भज्याची पहिली ताटली चांगदेवांनी पुढं सरकवून दिली आणि दुसरीलाही हात लावला नाही.

सव्वासातला व्हॅन मळ्यात आली. सारजाबाई ओट्यावर दिव्याखाली बसल्या होत्या. नेसूचं पातळ बाहेर जायचं होतं, पायात चपला होत्या. चांगदेव व्हॅनमधून उतरले नाहीत. हनीफचाचाही उतरले नाहीत. दोघांनी काचा वर घेतल्या आणि समोर बघत बसून राहिले, गाडी अजून चालूच असल्यासारखे.

सूरज आईच्या समोर खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. शिसाचा गोळा, काठी, दगड, गेट टाकल्याची गोष्ट, शहाळेवाली. सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते कमीकमी पटत गेलं. चिंबोरी त्यानं गाळली. शेवटी म्हणाला, बाई नाही, आण्णा तिथं पाणी बघतात.

सारजाबाईंचा चेहरा हलला नाही. आता काय येणार याची सूरजनं तयारी केली.

"किती येतं?" त्यांनी विचारलं.

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. मग त्यानं दोन्ही हात पसरले, ते पुरेनात, म्हणून खाली घेतले.

"लई येतं."

"दिसातून किती येळा?"

"दोनदा."

"रातीचं बी?"

"रातीचं बी."

"आन नंबर?"

"नंबर नसतो आई. सगळ्यांनाच येतं."

त्यांनी हे ऐकून घेतलं. ओट्याच्या फरशीवर कसलातरी डाग होता, तो अंगठ्यानं घासून बघितला. सूरजला मोबाईलमधलं आठवलं. त्यानं ते लावून फोन त्यांच्या हातात दिला. सारजाबाईंनी तो ताटासारखा दोन्ही हातांनी धरला. पाणी आलं, दगडाला लागलं, बापाचा हात आला, दगड मागं गेला, पाणी परत आलं आणि तेवढ्यात चित्र थांबलं.

"बंद पडलं," त्या म्हणाल्या.

त्यानं परत लावलं. त्यांनी परत बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं.

"ह्ये आत्ता चालू हाये?"

"सकाळचं हाये."

"मंग आत्ता?"

"आत्ता मागं गेलं असंल. अडीचला भरतंय परत, पहाटं."

सारजाबाईंनी फोन त्याच्याकडं दिला आणि उठल्या. अंगण ओलांडून व्हॅनपाशी गेल्या. चांगदेवांच्या बाजूच्या काचेवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. काच हळूहळू खाली आली. चांगदेव समोरच बघत होते.

"आठ वर्सं," सारजाबाई म्हणाल्या. "एकट्यानं."

चांगदेवांनी मान हलवली. मग सारजाबाईंनी मागचं दार सरकवलं, सीटवरच्या काठ्या उचलून पायाशी ठेवल्या, आत बसल्या आणि दार ओढून घेतलं. हनीफचाचांनी आरशातून त्यांच्याकडं बघितलं, मग चांगदेवांकडं. चांगदेवांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, घडी घातली आणि परत खिशात ठेवला.

गाडी सुरू झाली तसा सूरज दोन पावलं मागं सरकला. मुरूडपर्यंत सात तास, आणि आत्ता साडेसात वाजले होते. त्याला एवढंच जुळवता आलं. व्हॅनचे लाल दिवे चारीच्या कडेकडेनं फाट्याकडं गेले, वळणावर एकदा थांबल्यासारखे झाले आणि दिसेनासे झाले. आई शेवटी घर सोडून गेली की नाही, हे काही त्याला ठरवता येईना.